निळ्या फितींची कोळंबी

आमची ओळख झाली ती कोळंबीच्या एका पाटीवरून, आणि तीही भांडणाने.

सकाळी बोटी धक्क्याला लागल्या की लिलाव सुरू होण्याआधी जराशी उसंत मिळते. तेवढ्यात एखाद्या पाटीतली मूठ-दोन मूठ कोळंबी उचलून मी तिची लांबी मोजून घेत असे. मत्स्य खात्यात माझं काम तेच. आमच्या खाडीत कोळंबी किती आहे, किती वाढते, किती मरते, आणि यंदा किती पकडली तर पुढच्या वर्षी पुरेशी उरेल, याचं गणित मांडायचं. धक्क्यावर मला तोंडावर 'मॅडम' म्हणत आणि पाठ वळली की 'फूटपट्टी'. मला त्याचं काही वाटत नसे. माझा सख्खा थोरला भाऊ, ज्याची बोट त्याच धक्क्याला लागायची, तोसुद्धा घरी मला फूटपट्टीच म्हणायचा.

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि अंगाला लागेल न लागेल अशी भुरभुर चालू होती. मी एका पाटीत हात घातला... आणि समोरून आणखी एक हात आत आला. बर्फामुळे आमची दोघांचीही बोटं लाल झालेली.

"ही पाटी मी घेतलीय," मी म्हटलं.

"बोली लागायची आहे अजून."

"मी विकत घेत नाहीये. मोजतेय."

त्याने मान वर केली. चष्म्यावर पावसाचे थेंब होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तो चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत होता. मग त्याने कोपराने रेनकोट बाजूला सारून खिशातलं मोजायचं कॅलिपर दाखवलं.

"म्हणजे गिऱ्हाईक आपण दोघंही नाही," तो म्हणाला. "निम्मी-निम्मी करू या?"

आम्ही तिथेच दोन उपडे क्रेट घेऊन बसलो. तो डोळ्यापासून शेपटीपर्यंत मोजत होता, मी सोंडेच्या टोकापासून.

"सोंड पुष्कळदा तुटलेली असते," तो म्हणाला, "डोळ्यापासून मोजावं."

"तुटलेली असली तर मी ती कोळंबी बाजूला ठेवते."

"मग लहानच जास्त बाजूला पडत असतील. त्यांचीच सोंड नाजूक."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि उत्तर नसलं की मला राग येतो. "तुम्ही आहात कोण?" मी विचारलं.

"बोटमालक संघटनेने बोलावलंय मला. खात्यातल्या कुणा फूटपट्टीचा आकडा चुकीचा आहे, हे दाखवायला."

मी नुसती हातातली पट्टी वर धरली. त्याने पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाटीतला हात हळूच मागे घेतला.

"माफ करा," तो म्हणाला. "सोंडेबद्दल मात्र मी बरोबरच आहे."

आठवड्याभरात धक्क्याने त्यालाही नाव ठेवलं – गणितवाला.

वाद काय होता, ते सांगते. कोळंबीचं आयुष्य लहान. अंडी बाहेर खोल समुद्रात. तिथून इवलीशी पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, गढूळ उथळ पाण्यात वाढतात, आणि अंगाने भरली की अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे निघतात. त्या परतीच्या वाटेवर, खाडीच्या तोंडाशी, आमच्या बोटी जाळी लावून उभ्या. दरवर्षी कोळंबी लहान-लहान येत होती आणि पाट्या कमी भरत होत्या. माझं मॉडेल सांगत होतं, हंगाम दीड महिना उशिरा उघडा. तेवढ्यात कोळंबी चांगली भरेल, आणि बरीचशी एकदा तरी अंडी घालून मग जाळ्यात येईल. संघटना म्हणत होती, थांबाल तोवर निम्मी मोठे मासे खातील. माशांच्या तोंडी घालायची ती आमच्या जाळ्यात आली तर काय बिघडलं?

सगळं भांडण एका आकड्यावर येऊन थांबायचं. कुणी जाळं टाकलंच नाही, तर आठवड्याला किती कोळंबी आपली आपण मरते? माझा आकडा लहान होता, त्याचा मोठा. आणि खरं सांगायचं तर दोघांचेही आकडे दुसऱ्याच पाण्यावरून उसने आणलेले.

घरी दादाने माझ्याशी बोलणं सोडलं होतं. वहिनी आमच्या दोघांच्या मध्ये बसायची आणि भाजीचं भांडं इकडून तिकडे द्यायची.

एकदा मीच म्हटलं, "दादा, मी तुझ्या वाईटावर नाहीये."

"तुझं मॉडेल जेवत नाही, फूटपट्टी," तो ताटातून मान वर न करता म्हणाला. "माझ्या बोटीवरची माणसं जेवतात. दीड महिना त्यांनी काय करायचं, ते तुझ्या गणितात कुठे आहे?"

ते नव्हतंच. 

पहिल्या बैठकीत मी आणि गणितवाला इतके भांडलो की आमच्या खात्याचे मोठे साहेब कंटाळून म्हणाले, "अहो, मग त्या कोळंबीलाच विचारा ना." ते चिडून म्हणाले होते. पण आम्ही दोघं एकाच वेळी एकमेकांकडे बघायला लागलो.

असं ठरलं की आमच्याच खाडीतली जिवंत कोळंबी धरायची, तिच्या अंगात प्लॅस्टिकची बारीक निळी फीत ओवायची आणि तिला परत सोडायची. मग दर आठवड्याला काही बोटींनी चाचणीपुरतं जाळं टाकायचं आणि फीत सापडली की धक्क्यावरच्या पेटीत टाकायची. फिती आठवड्यागणिक कशा कमी होत जातात, त्यावरून मरणाचा आकडा काढायचा. काम दोघांनी मिळून करायचं, म्हणजे कुणी कुणावर संशय घ्यायला नको. बोट मात्र संघटनेची आणि सुकाणूवर संघटनेचा माणूस.

तो माणूस म्हणजे माझा दादा.

रोज पहाटे, ऊन तापायच्या आत, आम्ही निघायचो. दादा पाठमोरा उभा, मुका. आम्ही दोघं मागे टबाशी बसलेलो. कोळंबी ओल्या हातात धरायची, डोक्यामागच्या पहिल्या कड्यातून सुई आरपार न्यायची, फीत दोन्हीकडे सारखी ओढायची. हे सगळं एका श्वासात, कारण पाण्याबाहेर ती फार टिकत नाही. पहिल्या दिवशी त्याच्या हातून कोळंबी उडून थेट माझ्या मांडीवर पडली.

"तुमच्याकडे पळाली," तो म्हणाला.

"माणसं ओळखते ती."

दादाची पाठ किंचित हलली. खोकला असेल... किंवा नसेलही.

सोडायच्या वेळी आम्ही कोळंबी वरून पाण्यात टाकत नव्हतो. पिंजऱ्यात घालून तळापर्यंत उतरवायचो आणि मग दोरी ओढून दार उघडायचो, नाहीतर वरच्या वरच मासे तिला गट्टम करायचे. हे त्याने सुचवलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. वरच्या वर जितकी जास्त मेली असती, तितका त्याचाच आकडा खरा ठरला असता.

"असं का करताय?" मी विचारलं. "तुम्हाला जिंकायचं नाही?"

"जिंकायचंय ना." तो दोरी सोडत होता, हळूहळू, जणू खाली कुणी झोपलंय. "पण असं नाही."

मी दुसरी दोरी धरली होती. पिंजरा तळाला टेकल्याचा धक्का दोघांच्याही हाताला एकदमच कळला.

मीही मग माझ्या बाजूने एक गोष्ट केली. फीत ओवलेली थोडी कोळंबी वेगळ्या पिंजऱ्यात सांभाळली, सुईच्या जखमेनेच किती मरते ते बघायला. फारच थोडी मेली, म्हणजे फिती कमी आल्या तर दोष सुईवर टाकायची सोय मला उरली नाही, तरी ती नोंद त्याला मीच दाखवली.  थर्मासमधला चहा त्याने माझ्या पेल्यात जरा जास्त ओतला, एवढंच.

मग एक दिवस वाऱ्यात माझी ओढणी टबात पडली आणि तो म्हणाला, "अगं, सांभाळ–" आणि थांबला. 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. दोघांनी ते ऐकलं होतं. दादानेही.

"सॉरी," तो म्हणाला.

"राहू दे तसंच," मी म्हटलं. तो टबातून ओढणी काढून पिळत होता, आणि मला उगाचच हसू येत होतं.

फिती ओवायचा शेवटचा दिवस आला. परतताना खाडी अगदी निवांत होती. इंजिनाच्या आवाजाआडून तो म्हणाला, "मला तुझ्याशी... एक बोलायचं आहे. खूप दिवसांपासून."

काय ते मला कळलं होतं. माझ्या मनातही तेच होतं.

"आत्ता नको," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "का?"

"आत्ता बोललास तर मी उत्तर देईन. आणि मी उत्तर दिलं, तर आपण काढलेल्या आकड्यावर उद्या कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणतील, दोघांनी संगनमत केलं."

त्याने पाण्याकडे मान वळवली. "मग कधी?"

"सुनावणी झाली की."

"थांबण्यात हातचं जाईल का काही?" त्याने विचारलं. गमतीने नाही, अगदी गंभीरपणे.

"माझ्या मते फार नाही," मी म्हटलं. "तुझा आकडा वेगळा असेल."

पुढचे आठवडे आम्ही फक्त धक्क्यावरच्या पेटीपाशी भेटत होतो, चार लोकांसमोर. आणि पेटीत फिती फारच थोड्या पडत होत्या. जितक्या कमी परत येतील तितकी जास्त कोळंबी मेली असा अर्थ निघणार, म्हणजे तो जिंकत होता. पण त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याची कळा नव्हती.

"काही बोटींकडून एकही नाही," तो पेटीत बघत म्हणाला. "आणि त्यांच्याच शेजारी जाळं टाकणाऱ्यांकडून नेमाने येताहेत. हे असं होत नाही."

मी पेटीचं झाकण लावलं. एकही फीत न देणाऱ्या बोटींमध्ये दादाची बोट होती. दादाला विचारायला माझी जीभ रेटेना. तो माझा भाऊ होता, आणि त्याच्या बोटीवरच्या माणसांनी काय करायचं, याचं मी काहीच उत्तर दिलेलं नव्हतं.

सुनावणी खात्याच्या लांबट खोलीत झाली. पंखे होते, पण हवा नव्हती. समोर मोठे साहेब, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला संघटनेचे अध्यक्ष, आणि मागे भिंतीपर्यंत माणसं उभी. गणितवाल्याला बोलायला सांगितलं, तेव्हा तो उठून म्हणाला, "या फितींवरून आकडा काढला तर तो आमच्या बाजूचा येतो. पण तो धरू नये, असं माझं मत आहे. सापडलेल्या सगळ्या फिती परत आलेल्या नाहीत."

खोलीत कुजबुज झाली. अध्यक्ष सावकाश उठले. मोठ्या आवाजात बोलायची त्यांना सवय नव्हती, गरजही नसे.

"तुम्हाला आम्ही आणलं," ते म्हणाले. "आणि तुम्ही आमच्याच माणसांना चोर ठरवताय. मला एक सरळ सांगा. तुमचं आणि या मॅडमचं काही आहे का?"

मी टेबलाची कड घट्ट धरली. त्याने 'नाही' म्हटलं असतं तर भागलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं, आम्ही एकमेकांना एक शब्दही दिलेला नव्हता.

"आहे," तो म्हणाला. "माझ्याकडून आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. सुनावणी झाली की सांगणार होतो."

मागे कुणीतरी हसलं, पण ते हसू लगेच विरलं. साहेबांनी चष्मा काढला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग हे सगळं कामच बाद धरावं लागेल. वाईट वाटतं मला, पण दुसरा इलाज नाही."

इतक्या पहाटा, इतकी ओवलेली कोळंबी... आणि सगळं पाण्यात. मी उठून काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बोटीवर मी होतो."

दादा माणसांमधून वाट काढत पुढे आला.

"पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. या दोघांचं काय आहे ते मला यांच्या आधी कळलं होतं. पण कामात यांनी एकमेकांना काडीची सूट दिली नाही. एका-एका कोळंबीवरून भांडत होती." त्याने शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून साहेबांपुढे ठेवली. आत निळ्या फिती होत्या. "ह्या माझ्या जाळ्यात आलेल्या. देऊ नका असं सांगितलं होतं आम्हाला. कुणी, ते विचारू नका. मी ऐकलं, एवढं खरं. बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघावं."

 साहेबांनी निकाल पुढच्या आठवड्यावर ढकलला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली, तर ती निळी-निळी झाली होती. कुणी कधी आणून टाकल्या, कुणी पाहिलं नाही.

साहेबांनी मग काम बाद धरलं नाही. आकडा आला तो दोघांच्या मधला, जरासा माझ्या बाजूला झुकलेला. हंगाम उशिरा उघडायचा ठरला, पण मी म्हणत होते तितका उशिरा नाही. आणि मधल्या काळात बोटींवरच्या माणसांना खाडीतल्या मोजणीवर काम द्यायचं, हे मी भांडून त्यात घालून घेतलं.

संघटनेने त्याला सुनावणीच्याच दिवशी मोकळं केलं होतं. लांबच्या एका गावी कॉलेजात त्याला शिकवायची नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही धक्क्यापासून दूर, बर्फाच्या कारखान्यामागच्या रस्त्यावर भेटलो.

"सुनावणी झाली," तो म्हणाला.

"ऐकलं मी. सगळ्या गावानेच ऐकलं."

"तू उत्तर देणार होतीस."

"देणार आहे." माझा आवाज मलाच परका वाटला. "पण आज हो म्हटलं तर लोक म्हणतील, हिने नवरा मिळवायला हंगाम बंद केला. दादाला धक्क्यावर उभं राहू देणार नाहीत. एकदा हंगाम उघडू दे... चालेल तुला?"

त्याने माझा हात हातात घेतला. पहिल्यांदाच, बर्फाशिवाय, पाण्याशिवाय. "नाही चालणार," तो म्हणाला. "पण थांबेन."

हंगाम उघडला, आणि वाईट उघडला. त्या वर्षी पाऊसच कमी झाला होता. खाडीत गोडं पाणी पुरेसं उतरलं नाही आणि पिल्लंच कमी आली. जी आली ती कोळंबी अंगाने भरलेली, देखणी होती. पण पाट्या अर्ध्या.

"मोठी आहे हो मॅडम," एकजण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पण आहे कुठे?"

दादाच्या बोटीवरची दोन माणसं दुसरीकडे गेली. तो मला काही बोलला नाही. तेच मला जास्त लागलं. फोनवर मी गणितवाल्याला सगळे आकडे सांगितले आणि म्हटलं, आता इतक्यात येऊ नकोस.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो दारात उभा. रात्रभराच्या बसने चुरगळलेला शर्ट, खांद्याला पिशवी.

"कशाला आलास?" मी म्हटलं. "सांगितलं ना, आकडे वाईट आहेत."

"म्हणून तर आलो. चांगले असते तर फोनवर भागलं असतं."

 वहिनीने त्याला पाणी दिलं आणि मला हाताला धरून आत नेलं. दादा मागच्या अंगणात जाळं उन्हात पसरत होता. तो दादाकडे गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दोघांच्या पाठी दिसत होत्या आणि बोलणं ऐकू येत होतं.

"मला तुमच्या बहिणीशी लग्न करायचं आहे," तो म्हणाला. "तुम्हाला विचारायला आलोय."

दादा जाळ्याची गाठ सोडवत राहिला. "तिच्या आकड्यापायी माझी दोन माणसं गेली."

"आकडा माझाही होता."

"हं."  मग दादाने विचारलं, "पुढच्या वर्षी बरं होईल?"

 एक 'हो' पुरेसा होता. त्याच्या जागी कुणीही असतं तर म्हणालं असतं.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "पिल्लं किती येतील ते पुन्हा पावसावर. अंडी घालणारी या वर्षी जास्त सुटून गेलीत, एवढं मात्र नक्की. त्यापुढचं मी छातीठोक सांगू शकत नाही."

दादाने हातातलं जाळं खाली ठेवलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं.

"मागणी घालायला आलायस," तो म्हणाला. "आज तरी थोडं गोड बोलायचं होतंस."

"होय. पण मग वर्षभराने तुमच्यासमोर उभं राहता आलं नसतं."

 दादाने खिडकीकडे न बघताच खिडकीकडे हात केला. "तिला विचार. मला काय विचारतोस? ती केव्हाची तिथे उभी आहे."

वहिनी हसली आणि तिने मला दाराबाहेर ढकललं. माझ्या हातातलं फडकं तसंच होतं. तो अंगणाच्या मध्यावर उभा होता, पायाशी जाळं पसरलेलं, आणि ते ओलांडून यावं की वळसा घालावा हे त्याला सुचत नव्हतं.

"ऐकलंस सगळं?" त्याने विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

मी जाळं ओलांडून त्याच्यापाशी गेले. "हो," म्हटलं. इतके महिने मनात इतकं काही जुळवून ठेवलं होतं, पण तेवढंच बाहेर आलं.

दादाने आत आवाज दिला, "अगं, आज एक पान जास्त वाढ." आणि तो हात धुवायला नळाकडे वळला. हात स्वच्छ झाले तरी तो कितीतरी वेळ नळाखाली वाकून राहिला, आम्हाला त्याचा चेहरा दिसू नये म्हणून.